संशोधनाची वर्गणी

बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात आपल्यापैकी पुष्कळांचे जाणे झाले असेल. स्वतःसाठी नसले तरी कोणा आत्यामावशीला घेऊन, कोणा शेजाऱ्याच्या सोबतीला म्हणून. त्या रुग्णालयाला नर्गीस दत्त यांचे नाव आहे. सिनेमातल्या बाईचे नाव दवाखान्याला कशासाठी, असे एका हमालाने आम्हांला फार वर्षांपूर्वी विचारले होते आणि त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नव्हते. पुढे वाचनालयात बसून जे कळले ते असे. १९८० साली नर्गीसबाईंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निघाले. न्यूयॉर्कच्या नामांकित रुग्णालयात उपचार झाले. पैसा, ओळखी, परदेशचे डॉक्टर, कशाचीही वाण नव्हती. तरी ३ मे १९८१ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या मुंबईस वारल्या. त्यांचे पती सुनील दत्त यांनी त्यांच्या स्मरणार्थ संस्था काढली, देशात आणि परदेशांतल्या हिंदी लोकांत हिंडून कर्करोगाच्या कामासाठी पैसा गोळा केला, आणि आपल्या शेजारच्या बार्शीच्या रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला कामगार कायद्यांवर बोलण्यास सांगितले होते. आम्ही हा विषय मागून घेतला. डॉक्टरी विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी म्हणेल तर ते रास्तच आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. परंतु रोगावर इलाज शोधण्यासाठी पैसा कोठून येतो, तो कोण देतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न डॉक्टरांचा जितका आहे तितकाच वर्गणी गोळा करणाऱ्यांचाही आहे, आणि वर्गणी गोळा करण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

प्रथम रोग समजून घेऊ. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवी पडलेली, सुमारे वीतभर लांबीची एक ग्रंथी. ती दोन कामे करते. अन्न पचविणारा रस आतड्यात सोडते आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन रक्तात सोडते. ती इतकी खोल असते की पोट चाचपून हाताला लागत नाही. तिच्यात गाठ वाढू लागली तर पुष्कळ दिवस काही दुखत नाही. दुखू लागते ते बहुधा वरच्या पोटात किंवा पाठीत. भूक जाते, वजन उतरते, कधी पन्नाशीनंतर अचानक साखर निघते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असेल तर पित्ताची वाट दाबली जाते आणि कावीळ होते. ही सगळी लक्षणे दुसऱ्या शंभर कारणांनीही होतात, आणि घात होतो तो येथेच.

आमच्या मार्केट यार्डातील एक सभासद होता. छप्पन्न वर्षांचा, पोत्यांची थप्पी लावण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याची पाठ दुखू लागली. हमालाची पाठ दुखणारच, असे आम्हीही म्हणालो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढे डॉक्टरांना दोष देणे सोपे गेले. साखर निघाली, तिच्या गोळ्या सुरू झाल्या. मग डोळे पिवळे झाले. कावीळ उतरविणाऱ्या एका वैदूकडे तीन आठवडे गेले, एका खाजगी दवाखान्यात सलाइनवर आणखी काही. अंगाला रात्रंदिवस खाज, आणि करगोटा दोनदा आवळून बांधावा लागला. शेवटी सोनोग्राफी झाली, मग मोठ्या शहरात सीटी स्कॅन. तेथल्या डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले की गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली आहे, शस्त्रक्रिया होणार नाही. पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून आत एक नळी बसविली, त्याने कावीळ उतरली आणि खाज थांबली. तेवढे समाधान त्याला मिळाले. पाठ दुखल्याच्या पहिल्या दिवसापासून सात महिन्यांत माणूस गेला. संघटनेने ८६ हजार रुपये गोळा केले होते. ते तपासण्यांत, प्रवासात आणि नातेवाइकांच्या मुक्कामात संपले.

त्याचे नशीब वेगळे होते असे नाही. या रोगाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जण अशा वेळी डॉक्टरांपुढे येतात की गाठ कापून काढण्याची वेळ टळलेली असते. २०२२ साली जगभरात सुमारे पाच लाख दहा हजार लोकांना हा कर्करोग झाला आणि त्याच वर्षी सुमारे चार लाख सदुसष्ट हजार लोक त्याने मेले. हे दोन आकडे इतके जवळ कोणत्याही रोगात असू नयेत. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच रोगाने १७ मार्च २०१९ रोजी गेले. नाकात नळी घालून ते सभागृहात अर्थसंकल्प मांडताना आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, मग सर्वांचीच दरवर्षी तपासणी का करीत नाहीत? हा हिशेब पाटीवर मांडून पाहण्यासारखा आहे. भारतातील नोंदींप्रमाणे हा रोग वर्षाला लाख पुरुषांत अडीचांहून कमी आणि लाख स्त्रियांत दोनांहून कमी जणांना होतो. समजा, शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर सांगणारी चाचणी सापडली आणि ती एक लाख लोकांवर केली. खरे रोगी निघतील दोन. चाचणीच्या शंभरांतल्या एका चुकीने रोगी ठरतील हजार धडधाकट माणसे. त्यांच्या पोटात सुया खुपसायच्या, त्यांची झोप उडवायची, त्यांतल्या काहींवर नको त्या शस्त्रक्रिया करायच्या. म्हणून संशोधकांना अधिक जोखमीचे लोक आधी हुडकावे लागतात. ज्यांच्या घराण्यात हा रोग आहे ते; आणि पन्नाशीनंतर ज्यांना नव्याने मधुमेह होतो ते, कारण अमेरिकेतील एका पाहणीत अशांपैकी शंभरांत सुमारे एकाला पुढील तीन वर्षांत हा रोग निघाला. तो एक कोण, हे रक्ताच्या थेंबावरून ओळखता आले तर आमच्या हमालासारख्याला वर्षभर आधी गाठता येईल. असले काम म्हणजे संशोधन. त्याला रक्ताचे हजारो नमुने लागतात, ते वर्षानुवर्षे अतिशीत पेट्यांत जपावे लागतात, माणसांचा माग ठेवावा लागतो, आणि ते करणाऱ्या तरुणाला दर महिन्याला पगार लागतो. आपण संशोधन म्हटले की पांढरा अंगरखा आणि काचेची नळी डोळ्यांपुढे आणतो. खर्चाचा मोठा भाग पगार, वीज आणि टपाल यांसारख्या रुक्ष गोष्टींचा असतो, आणि तिकडे देणगीदाराचे लक्ष जात नाही.

या रोगाकडे पैसा कमी का वळला, याचे कारण आम्हांला आमच्या धंद्यातून उमगले. मागणी करण्यासाठी मागणारा जिवंत असावा लागतो. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बाया सभा घेतात, मोर्चे काढतात, मंत्र्यापुढे उभ्या राहून सांगतात की आम्ही जगलो, बाकीच्यांनाही जगवा. त्यांना त्याचे फळ मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. स्वादुपिंडाच्या रुग्णाला संघटना बांधण्याइतकी सवडच मिळत नाही. तो सभासद होतो आणि वर्षाच्या आत पटावरून नाव कमी होते. मागे राहतात त्या विधवा, भाऊ, मुले. आणि त्यांना पोटाची चिंता असते. अमेरिकेत अशाच मागे राहिलेल्यांनी १९९९ साली आपली संस्था काढली, लोकप्रतिनिधींच्या दारात वर्षानुवर्षे खेटे घातले, आणि तेथील काँग्रेसने २०१२ साली एक कायदा मंजूर केला. ज्या कर्करोगात पाच वर्षे जगणारे शंभरांत वीसही नाहीत, त्यांवरील संशोधनाचा आराखडा तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने करावा, असे त्या कायद्याने बांधून दिले. मेलेल्यांची युनियन त्यांच्या घरच्यांनी चालविली, असे आम्ही म्हणू.

पैसा घालून काही निघते का, हा पुढचा प्रश्न. निघते, पण हळू. १९३५ साली ॲलन व्हिपल या न्यूयॉर्कच्या शल्यवैद्याने स्वादुपिंडाचे डोके, लगतचे आतडे आणि पित्तनलिका काढून पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. अनेक वर्षे त्या शस्त्रक्रियेनेच पुष्कळ रोगी दगावत. आज जेथे ती वारंवार होते अशा ठिकाणी शंभरांत पाचांहूनही कमी दगावतात. मात्र वर्षातून एखाददुसरी करणाऱ्या ठिकाणी तसे नसते, हे ज्याने त्याने ध्यानात ठेवावे. औषधांचे म्हणाल तर २०११ साली प्रसिद्ध झालेला, फ्रान्समध्ये ३४२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटतो. चार जुनी, ठाऊक असलेली औषधे एकत्र देऊन पाहिली. रोग पसरलेल्या रुग्णांत जुन्या उपचाराने निम्मे रुग्ण ६.८ महिने पार करीत, नव्या मिश्रणाने ११.१ महिने. चार महिन्यांची किंमत काय, हे ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याला विचारावे. हेच मिश्रण थोडे सौम्य करून शस्त्रक्रियेनंतर दिले तेव्हा, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तो काळ ३५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. २०११ च्या प्रयोगात एकही औषध नवे नव्हते. जुन्या औषधांच्या मिश्रणात कंपनीला मोठा नफा नसतो, म्हणून असल्या प्रयोगाला सहसा कंपनी पुढे येत नाही. त्याचा खर्च मुख्यतः फ्रेंच सरकारने केला. बाजारावर सोडले असते तर ते चार महिने कोणी शोधलेच नसते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यास या रोगाचे शंभरांत सुमारे तीन रुग्ण पाच वर्षे जगत. अलीकडे तेरा जगतात. पन्नास वर्षांत दहा माणसे. थोडी आहेत, पण ती माणसे आहेत.

ज्यांना हा वेग निराशेचा वाटतो त्यांनी आपल्या मुंबईची एक गोष्ट पाहावी. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. सर दोराबजी टाटांनी १९३२ साली त्यांच्या नावाने न्यास केला, तो त्याच रोगाच्या संशोधनासाठी. तेव्हा त्या रोगाला औषध म्हणून नव्हते. म्हणजे पैसा विहिरीत टाकल्यासारखाच होता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथेच उंदरांवर आणि पेशींवर आयुष्यभर काम केले. आज मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात, चांगल्या ठिकाणी पूर्ण उपचार मिळाले तर दहांतली आठ-नऊ मुले वाचतात. २०२३ साली मुंबईच्या आय. आय. टी. आणि टाटा केंद्राने मिळून घडविलेल्या, रुग्णाच्याच रक्तपेशी बदलून देण्याच्या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. भांडवलदाराची स्तुती आमच्या तोंडून सहसा निघत नाही, आणि ती टाटांच्या गिरणीतल्या मजुरीबद्दल नव्हे. परंतु बायको गेल्यावर ज्या रोगाला औषधच नव्हते त्याच्या शोधासाठी पैसा ठेवणे, ही दृष्टी आम्हांला आमच्या कामगारांतही यावीशी वाटते. आपण समाधी बांधतो, अन्नदान करतो. ते करू नये असे नाही.

यावर आमच्यातलेच काही म्हणतात की संशोधन ही शहरांची, श्रीमंतांची गोष्ट. धाराशिवचा त्यात काय संबंध? हे ऐकले की आम्हांला हसू येते, कारण या कामात आपल्या जिल्ह्याने दिलेली वर्गणी जगात मोजली गेली आहे. १९८७ साली बार्शीस ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील खेड्यांतली ती पहिलीच. तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. नोंदणीची माणसे गावोगाव जाऊन कोणाला काय झाले, कोण कशाने गेले हे विचारीत. पुढे ऑक्टोबर १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. टाटा केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संस्था यांनी तो केला. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून चार भाग केले. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात काचेवर पेशी घेऊन तपासणी, तिसऱ्यात पातळ केलेले ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच वागणूक, म्हणजे वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची एकच चाचणी झालेल्या भागात या कर्करोगाने ३४ बाया गेल्या; चौथ्या भागात बाया थोड्या कमी असूनही ६४ गेल्या. २००९ साली हे छापून आले आणि एका चाचणीने निम्मे मृत्यू टळतात हे जगाला पटविण्यात या अभ्यासाचा हात मोठा आहे.

त्या ६४ जणींविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे आम्हांला जमत नाही. त्यांची तपासणी झाली नाही, म्हणून तर तुलना करता आली. हे न्याय्य होते काय, यावर पुढे डॉक्टरांतच कडक वाद झाला, आणि तो व्हायला हवा होता. एका बाजूचे म्हणणे असे की तेव्हा खेड्यात कोणालाच तपासणी मिळत नव्हती, अभ्यासाने कोणाकडून काही काढून घेतले नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की उपयोगी ठरेल अशी पद्धत माहीत असता काही बायांना तिच्याविना ठेवणे गैर. आम्हांला दोन्ही बाजू कळतात. आमचे मन दुसरीकडे अधिक झुकते. पण एवढे निश्चित की या अभ्यासाला सर्वांत मोठी देणगी गेट्स साहेबांनी दिली नाही. ती वाशी-कळंब-तुळजापूरकडच्या शेतांत खुरपणाऱ्या बायांनी दिली. देणगीदाराला पावती मिळते, तशी त्यांना मिळाली पाहिजे. म्हणजे ती चाचणी त्यांच्या लेकीसुनांना गावातल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळाली पाहिजे. संशोधनाला पाठिंबा द्या असे आम्ही म्हणतो तेव्हा ही मागणी त्यात धरूनच म्हणतो.

आणखी एक आकडा आपल्या जिल्ह्याचा आहे. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय नोंदणीत देशातील सर्व नोंदणी केंद्रांत कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडचे निघाले. लाख पुरुषांत ३९.५, लाख स्त्रियांत ४९.४. आनंदाची गोष्ट आहे. तंबाखूचे आपल्याकडचे व्यसन पाहता आम्ही मात्र आनंदाला थोडा आवर घालतो. नोंद होते ती निदान झालेल्याची. पोटात खोल बसलेल्या रोगाचे निदान सीटी स्कॅनशिवाय होत नाही, आणि सत्तरीचा म्हातारा कावीळ होऊन गेला तर त्याचे कोण स्कॅन करतो? स्वादुपिंडाचा रोग लाखाला एक धरला तरी सोळा लाखांच्या जिल्ह्यात वर्षाला सोळा माणसे होतात. त्यांतली किती ‘काविळीने गेली’ म्हणून राहिली असतील? ज्याची मोजदाद नाही त्याला अर्थसंकल्पात खाते नसते. म्हणून नोंदणीचा माणूस दारात आला तर त्याला दवाखान्याचे कागद दाखविणे, हाही संशोधनाला पाठिंबाच आहे, आणि त्याला दमडी लागत नाही.

पैशाचे म्हणाल तर मुख्य पैसा सरकारचाच हवा. सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करीत असे, हा २०२०-२१ चा आकडा आहे. महाराष्ट्राला अशी कामे जमत नाहीत असे नाही. दुष्काळातून निघालेल्या रोजगार हमीसाठी शहरातल्या नोकरदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसविला, तो आजही पगारातून कापला जातो. विडी ओढणाऱ्याला हा रोग होण्याचा संभव न ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. मग तंबाखूवरच्या कराचा एक ठरावीक वाटा या संशोधनाला बांधून द्या, अशी मागणी करण्यास कोणाची हरकत असावी? खाजगी देणगी द्यायची तर डोळे उघडे ठेवून द्यावी. संस्थेचा तपासलेला हिशेब मागावा. किती पैसा संशोधनाला जातो आणि किती जाहिरातीला, हे विचारावे. औषधाचा प्रयोग असेल तर सरकारी प्रयोग-नोंदवहीत त्याची नोंद आहे का पाहावे; २००९ पासून ती सक्तीची आहे. स्वतः प्रयोगात सहभागी होण्याची वेळ आली तर संमतीचा कागद मराठीत मागावा, आणि प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईचा हक्क २०१९ च्या नियमांनी दिला आहे हे विसरू नये.

हे सर्व आम्ही आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत मांडले. आजारी सभासदांसाठी जो मदत निधी आहे त्यातले शंभरांतले दहा रुपये कर्करोगाच्या संशोधनाला द्यावेत, असा ठराव होता. एक जुने मापाडी उठले आणि म्हणाले, “आपलं माणूस औषिधाबिगर मरतंय, अन् तुमी पैसा उंदरावर घालवताव का?” सभा हसली. आम्हांला मात्र हसता आले नाही, कारण म्हातारा खोटे बोलत नव्हता. त्या वर्षी निधी कमी पडून दोघांना आम्ही पुरते पैसे देऊ शकलो नव्हतो. आम्ही म्हणालो की गेल्या साली आपण ८६ हजार घातले आणि माणूस वाचला नाही. पुढच्या साली पुन्हा ८६ हजार घालू, तोही वाचणार नाही. कधीतरी कोणी उंदरावर पैसा घातल्याशिवाय हा हिशेब बदलत नाही. मापाडी म्हणाले, “ते कधीतरी म्हंजी कधी?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. मेलेल्या हमालाची बायको सभेला आली होती. ती काही बोलली नाही. मते घेताना तिने हात वर केला, ती सभासद नाही म्हणून चिटणिसांनी तो मोजला नाही. ठराव अकरा मतांनी पास झाला, दहाचे पाच रुपये करून.

पहिल्या वर्षाचे सहा हजार तीनशे चाळीस रुपये मुंबईस पाठविले. पावती कचेरीत लावली आहे. मापाडी दर महिन्याला वर्गणी भरायला येतात, पावतीकडे पाहतात आणि विचारतात, “उंदराचं काय झालं?”